कार्डावरचे आकडे

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बँकेचे कार्ड आहे. कुणी ते पेटीत ठेवले आहे, कुणी पाकिटात, तर कुणी देवाच्या तसबिरीमागे. २०१४ साली जनधन योजना सुरू झाली. तेव्हापासून खेडोपाडी लोकांनी बँकेत खाती उघडली. त्या खात्याबरोबर हे कार्ड हाती आले. त्यावर 'रुपे' असे नाव असते. रुपे हे आपल्या देशातले कार्ड. ते २०१२ साली निघाले.

लोक त्याला एटीएम कार्ड म्हणतात. यंत्रात घालायचे, आकडा दाबायचा, पैसे काढायचे, एवढेच त्याचे काम, असे पुष्कळांना वाटते. पण त्याचे आणखीही एक काम आहे. त्यावर घरबसल्या मोबाईलवरून खरेदी करता येते. दुकान मुंबईला असो की दिल्लीला असो. त्या खरेदीला कार्ड कुठे घालावे लागत नाही. कुणाला दाखवावेही लागत नाही. कार्डावरचे आकडे मोबाईलमध्ये लिहिले की काम होते.

आता थोडा विचार करा. तुमच्या पैशांवर दुसऱ्या कुणाला खरेदी करायची असेल, तर त्याला कार्ड चोरावे लागेल काय? लागणार नाही. आकडे कळले तरी पुरे. कार्ड पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कनवटीला, आणि तरी पैसे गेलेले! असे होऊ शकते. म्हणून हे आकडे आज आपण नीट वाचू.

कार्ड हाती घ्या

कार्डाच्या एका बाजूला सोळा आकडे असतात. चार-चारचे चार गट पाडलेले असतात. जुन्या कार्डांवर हे आकडे पुढच्या बाजूला असत. आता काही नव्या कार्डांवर ते मागच्या बाजूला छापतात. हा झाला कार्डाचा नंबर.

त्याच्याजवळ एक महिना आणि एक साल असते. त्या महिन्यापर्यंत कार्ड चालते. पुढे नवे घ्यावे लागते. पुष्कळ कार्डांवर तुमचे नावही असते.

आता मागची बाजू पाहा. तिथे तीन आकडे अगदी बारीक असतात. त्यांना सीव्हीव्ही म्हणतात. हे तीन आकडे दिसायला लहान, पण फार महत्त्वाचे. एटीएममध्ये ते कधी लागत नाहीत. ते लागतात फक्त दुरून केलेल्या खरेदीला. खरेदी करणाऱ्याच्या हाती खरोखरच कार्ड आहे की नाही, ते ओळखण्यासाठी ते ठेवलेले आहेत. म्हणून तर ते तुमच्याकडून काढून घेण्यासाठी भामटा एवढी खटपट करतो.

सोळा आकड्यांतही गंमत आहे. ती माहीत असलेली बरी. पहिल्या आकड्यावरून कार्ड कोणत्या जातीचे ते कळते. ४ ने सुरू होते ते व्हिसा कार्ड. पुष्कळ रुपे कार्डे ६ ने सुरू होतात. पहिले सहा आकडे मिळून बँक कोणती ते सांगतात. एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या हजारो कार्डांवर हे सहा आकडे सारखेच असतात. तुमच्या कार्डावर जे सहा, तेच शेजाऱ्याच्या कार्डावर. अगदी शेवटचा आकडा असतो तो ताळ्याचा. हिशेब बरोबर आला की नाही हे पाहायला आपण ताळा करतो ना? तसाच. अगोदरच्या आकड्यांवर गणित करून तो काढलेला असतो. एखादा आकडा चुकून लिहिला, तर ताळा जमत नाही, आणि यंत्र लगेच सांगते, "नंबर चुकला."

पहिल्या सहा आकड्यांचे हे एवढे का सांगितले, ते आता कळेल.

पंपाची गोष्ट

समजा, एका शेतकऱ्याने मोबाईलवरून फवारणीचा पंप मागवला. किंमत अडीच हजार रुपये. पंप आला, पण त्याची टाकी चिरलेली. पाणी भरले की गळते. पंप परत करायचा आणि पैसे परत घ्यायचे, असे त्याने ठरवले. दुकानाचा फोन नंबर त्याच्यापाशी नव्हता. त्याने मोबाईलवर दुकानाचे नाव टाकून नंबर शोधला. वरच एक नंबर दिसला. त्याने तो लावला.

इथेच त्याची वाट चुकली. मोबाईलवर शोधून सापडलेला नंबर दुकानाचाच असेल असे नाही. भामटे लोक स्वतःचे नंबर दुकानाच्या नावाने, बँकेच्या नावाने तिथे लावून ठेवतात. आपण मासे धरायला गळ लावतो, तसे. मासा आपणहून येतो. खरा नंबर हवा असेल, तर ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच ॲपच्या आत पाहावा. बँकेचा हवा असेल, तर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, किंवा पासबुकावर असतो.

असो. पलीकडून माणूस मोठ्या आदराने बोलला. "नमस्कार साहेब. आपल्याला तसदी झाली, माफ करा. आपले पैसे पाच मिनिटांत परत देतो. आपले कार्ड जवळ आहे ना?"

शेतकरी म्हणाला, "आहे की."

"मग तपासून घेऊ. आपल्या कार्डाचे पहिले सहा आकडे मी सांगतो. आपण फक्त हो म्हणा."

त्याने सहा आकडे सांगितले. शेतकऱ्याने कार्डाकडे पाहिले. अगदी बरोबर! त्याला वाटले, याला माझे कार्ड ठाऊक आहे, म्हणजे माणूस खराच दुकानाचा. पण तुम्हाला आता माहीत आहे की ते सहा आकडे बँकेचे. बँक कोणती एवढे बोलण्यातून काढून घेतले, की ते कुणालाही सांगता येतात. त्यात जादू नाही.

"आता पुढचे आकडे आपण सांगा, साहेब."

शेतकऱ्याने सांगितले. मग महिना, साल सांगितले. मग मागचे तीन आकडेही सांगितले.

"शाब्बास. आता आपल्या मोबाईलवर एक संदेश येईल. त्यात सहा आकडे असतील. तेवढे वाचून दाखवा, की पैसे जमा."

मोबाईल वाजला. संदेश आला. शेतकऱ्याचा चष्मा सोप्यात राहिला होता. त्याने मोबाईल बायकोच्या हाती दिला. ती दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गाला जात होती. म्हणाला, "अगं, यात सहा आकडे आहेत बघ. तेवढे वाच मोठ्यानं."

तिने संदेश पाहिला, पण लगेच वाचला नाही. म्हणाली, "अहो, पंपाचे किती मिळायचेत?"

"अडीच हजार. तू आकडे वाच ना. तो थांबलाय."

"थांबू द्या. इथं नऊ हजार आठशे लिहिलंय."

"नऊ हजार?"

"नऊ हजार आठशे. आपल्याला मिळायचे अडीच, मग हे नऊ हजार कसले?"

फोनवरचा माणूस घाई करू लागला. "साहेब, लवकर सांगा, वेळ संपतोय. संपला तर आपले पैसे बुडतील." बायकोने फोन घेतला आणि बंद केला.

पैसे वाचले. आकडे सगळेच सांगून झाले होते. फक्त शेवटचे सहा राहिले होते. त्या सहा आकड्यांवर सारे अडले होते.

ते सहा आकडे म्हणजे काय

त्यांना ओटीपी म्हणतात. एका वेळेपुरता दिलेला आकडा. दर खरेदीला नवा येतो. काही मिनिटांतच तो निकामी होतो. सहा आकड्यांचे दहा लाख निरनिराळे नंबर होतात. त्यामुळे अंदाजाने तो सांगणे जवळजवळ अशक्य. तो फक्त तुमच्याच मोबाईलवर येतो. म्हणजे तो तुमच्याकडून काढून घ्यावा लागतो. दुसरी सोपी वाट नाही.

आपल्या आजे-पणजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकार कागद पुढे करी आणि म्हणे, "कर अंगठा." कागदावर काय आहे हे त्यांना कळत नसे. शंभर घेतले असतील तर तीनशे लिहिलेले असे. कधी कागद कोराच असे. अंगठा आधी, मजकूर मागाहून. जमिनी गेल्या त्या अशा. लोक इतके गांजले, की १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. मे महिन्याची १२ तारीख होती. त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुढे हे लोण पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. लोकांचा राग कागदावर का होता, हे ध्यानात घ्या. त्या कागदावर त्यांचा अंगठा होता, आणि तो काय म्हणतो ते त्यांनी कधी वाचलेले नव्हते. त्यानंतर १८७९ साली सरकारने कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद सावकाराने घरात बसून करायचा नाही, गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायचा, असे त्यात ठरले.

ओटीपी हा आजचा अंगठा आहे. तुम्ही तो सांगितला, की बँक म्हणते, "धन्याने मान्य केले." मग ती पैसे देऊन टाकते. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून हा नियम लावला. नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर दुरून खरेदी होऊ द्यायची नाही, कार्डाच्या धन्याची आणखी एक खूण घ्यायची, असा तो नियम. ती खूण पुष्कळदा ओटीपीच असते. त्यापूर्वी नुसते आकडे कळले तरी काम होई. परदेशांतल्या काही दुकानांत पुढेही तसेच चालत राहिले. म्हणून ओटीपी आहे ना, मग आकडे सांगायला काय हरकत, असे कुणी म्हणू नये.

संदेश कसा वाचावा

इथे एक अडचण आहे. बँकेचे संदेश बहुधा इंग्रजीत येतात. आपण तर मराठी शिकलो. मग वाचायचे कसे?

घाबरू नका. सारा संदेश वाचता आला पाहिजे असे नाही. इंग्रजी आकडे मात्र यायला हवेत. ते दहाच आहेत. नोटेवर, एसटीच्या पाटीवर, औषधाच्या डबीवर तेच असतात. चार दिवसांत येतात. संदेशात साधारणपणे दोन-तीन जागी आकडे असतात. त्यातली रक्कम कोणती ते ओळखायचे. रकमेच्या आधी रुपयाची खूण असते, नाहीतर इंग्रजी आर आणि एस ही अक्षरे असतात, किंवा आय, एन, आर अशी तीन अक्षरे असतात. रकमेच्या शेवटी पुष्कळदा एक टिंब आणि टिंबापुढे दोन शून्ये असतात. ती शून्ये पैशांची. ती सोडून द्यावी. नाहीतर नऊ हजार आठशेचे नऊ लाख ऐंशी हजार दिसतील आणि जीव घाबरा होईल! ओटीपीला टिंब नसते, आधी रुपयाची खूण नसते. तो बहुधा सलग सहा आकड्यांचा असतो. तिसऱ्या जागी चार आकडे असले, तर ते तुमच्या कार्डाचे शेवटचे चार.

रक्कम ओळखली, की स्वतःला एकच विचारावे: एवढ्या रकमेची खरेदी मी आत्ता, या घटकेला, करतो आहे काय? करत असाल, तर ओटीपी आपल्याच हाताने आपल्याच मोबाईलवर त्या चौकटीत लिहावा. करत नसाल, तर कुणी तरी तुमचे आकडे घेऊन खरेदीला बसले आहे. ओटीपी कुणाला सांगू नका आणि लगेच बँकेला कळवा.

तोंडाने ओटीपी सांगण्याची वेळ खऱ्या खरेदीत येतच नाही. दुकान विचारत नाही. बँक विचारत नाही. रिझर्व्ह बँकही विचारत नाही. माल घरी आला म्हणजे तो आणणारा मुलगा कधी कधी एक आकडा विचारतो. तो मात्र माल पोचल्याचा असतो. तोही माल हाती आल्यावर, आणि संदेशात पैशांची रक्कम नाही हे पाहूनच सांगावा. "माल रद्द करायचा आहे, आकडा सांगा," असे कुणी फोनवर म्हणाला, तर मुळीच सांगू नये.

बँकेचे संदेश मराठीतून मिळतात का, हे आपल्या शाखेत जाऊन विचारावे. विचारल्यावाचून कुणी देत नाही. आणि मोबाईलचा नंबर बदलला असेल, तर बँकेत पहिल्यांदा तो बदलून घ्यावा. जुना नंबर बंद पडला की काही काळाने कंपनी तो दुसऱ्याला देते. मग तुमचे संदेश तो वाचतो. हे काम पुष्कळ जण उद्यावर टाकतात.

खिडकी लावून घ्या

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक सोय आहे. कार्डावर मोबाईलवरून खरेदी करण्याची मुभा आपल्याला बंद ठेवता येते. रिझर्व्ह बँकेने २०२० साली सांगितले, की नवे कार्ड देताना ते फक्त आपल्या देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल असेच द्यावे. दुरून खरेदी आणि परदेशातली खरेदी या खिडक्या लावलेल्या असाव्यात. ज्याला हव्या त्याने त्या उघडून घ्याव्यात. १ ऑक्टोबर २०२० पासून हा नियम लागू झाला.

तेव्हा तुमच्या कार्डाच्या खिडक्या उघड्या आहेत की लावलेल्या, हे बँकेत जाऊन विचारा. मोबाईलवरून खरेदी करत नसाल, तर बंदच राहू द्या. मग आकडे कुणाला कळले तरी हात चोळत बसेल. वर्षातून दोनदा खरेदी करत असाल, तर त्या दिवशी उघडा, काम झाले की लावा. बँकेच्या ॲपमधून हे करता येते. रकमेची मर्यादाही घालता येते. दोन हजारांच्या वर जाऊ नये असे ठरवले, तर दोन हजारांच्या वर जाणार नाही. परदेशी खरेदीची खिडकी तर आपल्याला कशाला हवी? ती लावूनच टाकावी.

पिकाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्याच्या कार्डावर खरेदी करणे मला पसंत नाही. बाजाराला जाताना आपण घरातली सगळी पुंजी कमरेला बांधून नेतो काय? लागेल तेवढेच नेतो. एखादे लहान खाते वेगळे ठेवावे. त्यात हजार-दोन हजार असावेत. खरेदी त्यातून करावी.

दुकानांनी तुमचे आकडे जपून ठेवण्याचीही एक रीत होती. पुढच्या वेळी पुन्हा लिहायला नको म्हणून. पण दुकानाच्या वहीत चोर शिरला, की सगळ्यांचेच आकडे एकदम जात. म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून ते बंद केले. आता दुकानाला खरा नंबर ठेवता येत नाही. त्याच्या जागी एक दुसराच नंबर मिळतो. त्याला टोकन म्हणतात. रेशनला टोकन देतात, तसे. ते त्याच दुकानात चालते. दुसऱ्याने ते चोरले तरी इतर ठिकाणी ते उपयोगी पडत नाही. दुकानाने विचारले, "कार्ड ध्यानात ठेवू का?" तर नको म्हणता येते. मी नकोच म्हणा असे सांगेन. दर वेळी सोळा आकडे लिहायला दोन मिनिटे जास्त जातात, जाऊ द्या.

खोटे दुकान

दुकानच खोटे असले, तर आकडे तुम्ही आपल्या हातानेच चोराला देता. याची फार काळजी घ्यावी. दिवाळीच्या, पेरणीच्या सुमारास मोबाईलवर जाहिराती येतात. तीन हजारांची वस्तू तीनशेला! असा भाव कोणत्या बाजारात असतो? जाहिरातीवर बोट ठेवले की दुकान उघडते. ते नावाजलेल्या दुकानासारखेच दिसते. रंग तोच, चित्रे तीच. नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे. तुम्ही आकडे लिहिता, आणि ते तिसऱ्याच्याच हाती पडतात.

काही शिकलेली मुले सांगतील, "वरती कुलपाची खूण आहे ना, मग दुकान चांगलं." हे अर्धेच खरे. कुलपाच्या खुणेचा अर्थ एवढाच, की तुमचे आकडे वाटेत कुणाला वाचता येणार नाहीत. पाकीट चिकटवलेले आहे. पण ते ज्याला पोचते तो सज्जन की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या दुकानाला कुलपाची खूण लावून घेतो.

बँकेची जागा ओळखायला मात्र एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की आपापल्या पत्त्याच्या शेवटी 'बँक डॉट इन' हेच ठेवा. ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हा शेवट भलत्याला मिळत नाही. तेव्हा बँकेच्या नावाने काही उघडले, तर पत्त्याचे शेपूट पाहावे.

नव्या, अनोळखी दुकानातून काही घ्यायचेच असेल, तर माल दारात आल्यावर पैसे द्यावे. आकडे लिहायलाच नकोत. मोबाईल चालवता येत नाही म्हणून पुष्कळ जण पुतण्याला, नाहीतर चौकातल्या दुकानातल्या मुलाला कार्ड देतात. कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. पुतण्या भला असेल. पण तो फोटो त्याच्या मोबाईलमध्ये राहतो, तुमच्याही मोबाईलमध्ये राहतो, आणि उद्या मोबाईल हरवला की कुणाच्याही हाती जातो. त्या मुलाला म्हणावे, "बाळा, माल मागव, पैसे मी दारात देईन." त्यात त्याचा अपमान नाही.

फोनवरचा माणूस कधी म्हणतो, "मी पाठवतो ते ॲप घ्या." कधी लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने, कधी योजनेच्या यादीच्या नावाने काही येते, आणि उघडले की नवे ॲप मोबाईलमध्ये शिरते. त्यातली काही ॲपे अशी असतात, की तुमच्या मोबाईलवर जे दिसते ते सारे त्याला तिकडे दिसते. मग ओटीपी तुम्ही सांगायलाच नको. तो वाचतोच. असले काही घेऊच नये.

यूपीआयचे थोडक्यात सांगतो. पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना लागत नाही. "पैसे पाठवले आहेत, मिळवायला पिन टाका," असे कुणी म्हणाला, तर तो पैसे घेणार आहे, देणार नाही.

पैसे गेलेच तर

लाजू नका. लोक हसतील म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. घरातही सांगत नाहीत. तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. मग शोधणे कठीण होते.

पहिल्यांदा कार्डाच्या पाठीवरच्या नंबरावर बँकेला फोन करा आणि कार्ड बंद करायला सांगा. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. हा सरकारचा नंबर आहे, देशभर एकच. तिथे किती पैसे गेले, किती वाजता, कोणत्या बँकेतून, ते विचारतात. ते पुढच्या बँकेला कळवतात. पैसे अजून खात्यात पडलेले असतील, तर ते तिथेच अडवता येतात. म्हणून तासाला नव्हे, मिनिटाला किंमत आहे. बँकेचा संदेश पुसू नका, त्यातच ही सारी माहिती असते. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी जागेवरही तक्रार लिहिता येते. मुलांकडून लिहून घ्यावी.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याबद्दल नियम केला. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, आकडे तिसरीकडून फुटले, आणि बँकेकडून समजल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही बँकेला कळवले, तर तुमचे काही जायचे नाही, असे त्यात म्हटले होते. उशीर झाला तर नुकसानीचा वाटा तुमच्याकडे येतो. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंत जे गेले ते तुमचे गेले. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. अशा नियमांत वेळोवेळी बदल होतात. आज काय लागू आहे ते शाखेत विचारून घ्यावे.

फोन केल्यावर तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि कुठे तरी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी शाखेत जा. लेखी अर्ज द्या. आता लिहिता येते, तर अर्ज स्वतः लिहा. तारीख घाला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. शिपाई म्हणेल, "ठेवून जा, पाहू." ठेवून जाऊ नका. शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसून राहा.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या नंबरावर फोन केला म्हणजे कसे जायचे ते सांगतात. तक्रारीला पैसे पडत नाहीत. बँकेच्या शिक्क्याची ती प्रत तक्रारीसोबत जोडावी.